‘तस्संच हवंय’ म्हणणाऱ्या चॅनेलला काय सांगायचं?

ताई, मी चौतीस वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा, आता मालाडला राहतो. दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. गेल्या महिन्यात एका निर्मितीसंस्थेनं बोलावलं. वीसेक वर्षांपूर्वी गाजलेली एक कौटुंबिक विनोदी मालिका चॅनेलला परत आणायची आहे. मूळ लेखक आता लिहीत नाहीत, हक्क चॅनेलकडे आहेत, जुन्या नटांपैकी तिघं तयार आहेत. मला पटकथा आणि संवाद दोन्ही देताहेत, पैसे सध्याच्या दीडपट. अट एवढीच की ‘तस्संच हवंय, लोकांना तेच आठवतं’. आठवड्याला पाच भाग. इकडे माझी स्वतःची एक विनोदी मालिका लिहून पडली आहे, पहिले चार भाग तयार. दोन ठिकाणी ऐकवली. सगळे पोट धरून हसले आणि मग म्हणाले, ‘छानच आहे, पण रिस्की आहे.’ घराचा हप्ता चालू आहे. बायको म्हणते, घेऊन टाक. बाबा तर जुनी मालिका परत येणार म्हणून आत्ताच खूश आहेत. मला भीती वाटते की हे घेतलं तर मी जन्मभर जुन्या मालिकांची डागडुजी करणारा माणूस होऊन बसेन. काय करू? – स., मालाड

प्रिय स.,

आधी एक खुलासा करते. तुमच्या नव्या मालिकेची गोष्ट तुम्ही पत्रात सविस्तर लिहिली होती, ती वर छापलेली नाही. छापली असती तर उद्या सकाळी दोघं-तिघं तीच ऐकवायला अंधेरीला निघाले असते. पुढे उदाहरण लागेल तिथे मी एक मंगल कार्यालय घेईन. तुमची गोष्ट तिथे घडत नाही, पण बांधणी साधारण तशीच आहे.

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी परत परत वाचले: ‘आठवड्याला पाच भाग’. मूळ मालिका आठवड्यातून एकदा लागायची. म्हणजे वर्षाला ५२ भाग. आता तुमच्याकडून मागताहेत ते वर्षाला २६०. आणि वर म्हणताहेत, तस्संच हवंय! या दोन मागण्या एका कागदावर लिहिणाऱ्या माणसानं ती जुनी मालिका आठवली असेल, नीट बघितलेली नाही.

तुम्ही दैनंदिन मालिका लिहिता, त्यामुळे रोजच्या भागाचं गणित तुम्हाला सांगायला नको. गोष्ट उघडी ठेवायची, शुक्रवारी काहीतरी लटकवून सोडायचं, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की रात्री सीन लिहायचा आणि सकाळी नऊच्या शिफ्टला तो फ्लोअरवर जायचा. कौटुंबिक विनोदी भागाचं उलटं असतं. बावीस मिनिटांत घोळ घालायचा, वाढवायचा, निस्तरायचा आणि शेवटी सगळ्यांना जिथून उचललं तिथेच परत आणून बसवायचं. मामला मिटलाच पाहिजे. त्यासाठी दोन खर्डे फाडून टाकायची सवड लागते आणि नटांना एकमेकांचे पॉज सापडायला तालीम लागते. रोजच्या रेट्यात पहिला बळी जातो तो या पॉजचा. त्या जागी येतं ते ‘टुंग’ करणारं पार्श्वसंगीत. तेव्हा चॅनेल ज्याला सुरक्षित म्हणतंय, ते माझ्या मते तुमच्यासमोरचं सगळ्यात धोक्याचं काम आहे. नाव जुनं, अपेक्षा जुन्या आणि कारखाना वेगळ्याच मालाचा.

चॅनेलची बाजूही समजून घ्या, ती अगदीच वेडगळ नाही. नवी मालिका लोकांच्या तोंडी बसवायला प्रोमोंचे आठवडेच्या आठवडे जातात. जुन्या नावाला प्रायोजक पहिला भाग दिसायच्या आधी मिळतो. दर गुरुवारी ‘बार्क’चे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात, त्या आकड्यांवर ज्याची नोकरी आहे त्यानं ओळखीचं नाव मागितलं तर त्यात नवल काय? ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ पासून २०२४ पर्यंत चालून थांबला आणि २०२५ च्या जुलैत नव्या सूत्रसंचालकासह परत आला. नाव हीच तिथली मालमत्ता आहे, आणि मालमत्ता कुणी कुलपात ठेवत नाही.

पण नाव पहिल्या आठवड्यापुरतं लोकांना आणून बसवतं. ‘फू बाई फू’ आठवा. २०१० नंतरची काही वर्षं त्या कार्यक्रमानं गाजवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो परत आला आणि काही आठवड्यांतच गुंडाळावा लागला. नट कमी पडले असं मला वाटत नाही. मधल्या काळात, २०१८ पासून, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’नं प्रेक्षकांना वेगळ्या लयीची सवय लावली होती. स्किट लिहायची, वाढवायची, एकच पात्र घेऊन परत परत खेळायची तऱ्हा बदलली होती. परत आलेल्या कार्यक्रमाकडे नाव होतं, पण ‘आता आम्ही काय वेगळं करणार’ याचं उत्तर दिसलं नाही. चॅनेलसमोर हे उदाहरण जरूर काढा, मात्र हळू आवाजात. त्या खोलीत तेव्हाची माणसं बसलेली असू शकतात.

आता तुमच्या मनातल्या दुसऱ्या गाठीकडे येते. जुनं उचलणं म्हणजे कमीपणा, हे डोक्यातून काढा. दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ कुठून आले? चिं. वि. जोशींच्या कथांमधून. मास्टर विनायकांनी त्यांना १९४० मध्येच ‘लग्न पहावं करून’मध्ये पडद्यावर आणलं होतं. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी जे केलं, ते चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या मालाचं पुनरुज्जीवनच होतं. फरक इतकाच की ते माध्यम तेव्हा नवं होतं आणि त्या दोघांना कुणाची नक्कल करायची नव्हती. चिमणराव कसा दिसतो, कसा अडखळतो, हे त्यांनी पहिल्यापासून शोधलं. आज लोकांच्या डोळ्यांसमोर जो चिमणराव येतो तो बहुतेक वेळा प्रभावळकरांचाच असतो.

आणि याच माणसाकडे पुढचं उदाहरण आहे, जे मला तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं वाटतं. महाराष्ट्रात कुणाला ‘चिमणराव परत आणा’ म्हणायचा हक्क असेल तर तो त्यांना होता. २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीसाठी त्यांनी काय आणलं? स्वतःच्या ‘अनुदिनी’ या लेखनातून घेतलेले गंगाधर टिपरे. केदार शिंदेंनी ती मालिका दिग्दर्शित केली. आज तिचं नाव काढलं की सगळे हळवे होतात, पण ती कल्पना आजच्या एखाद्या मीटिंगमध्ये ऐकवून बघा. नायक कोण, तर आजोबा. मुलगा, सून, दोन नातवंडं. कुणी कुणाला विष घालत नाही. सासरा-सून एका घरात सुखानं राहतात. आजोबा सगळ्यांकडे बघतात आणि डायरी लिहितात. समोरचा माणूस विचारेल, ‘पण सर, कॉन्फ्लिक्ट काय आहे?’ आज ज्या मालिकेसारखं काहीतरी द्या म्हणून सगळे मागे लागतात, ती तिच्या वेळी याच प्रश्नाला सामोरी जाण्यासारखी होती. (त्या घरातली सून म्हणजे शुभांगी गोखले. त्यांची मुलगी सखी पुढे ‘दिल दोस्ती दुनियादारी’त आली. त्या मालिकेकडेही वळायचंच आहे.)

‘दिल दोस्ती दुनियादारी’ २०१५ मध्ये आली, पुढच्या फेब्रुवारीत थांबली. लोकांना ‘माजघर’ नावाच्या घरात एकत्र राहणारे ते सहा जण परत हवे होते. २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, तेच सहा नट घेऊन, पण नावं वेगळी, माणसं वेगळी, गोष्ट वेगळी. कैवल्य नाही, आशू नाही, रेश्मा नाही. मला हा निर्णय आजही आवडतो. प्रेक्षकांना त्या नटांचं एकमेकांशी असलेलं मैत्र हवं होतं, ते दिलं. जुन्या पात्रांना मात्र पुन्हा दावणीला बांधलं नाही. ती मालिका सहाएक महिन्यांत संपली, आणि अनेक जण शेवटपर्यंत नव्या पात्रांत जुनीच शोधत राहिले. म्हणजे हा मार्गही फुकट मिळत नाही. तरी तिथे कुणीतरी ठरवलं होतं की जुन्यातलं नेमकं काय घ्यायचं आणि काय सोडायचं. तुमच्या निर्मात्यानं हे ठरवलेलं नाही. ते ठरवणं हेच तुमचं काम आहे, आणि दीडपट पैसे त्याचे आहेत असं समजा.

बाहेरचं एकच उदाहरण घेते. अमेरिकेत ‘चीअर्स’ ही बॉस्टनमधल्या दारूच्या गुत्त्यावरची मालिका १९९३ मध्ये संपली. त्यातल्या फ्रेझर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाला उचलून सिएटलला नेलं, त्याला वडील दिले, त्याच्याहून शिष्ट भाऊ दिला. ही ‘फ्रेझर’ अकरा वर्षं चालली. मग २०२३ मध्ये तिचं पुनरागमन झालं, या वेळी तो भाऊ नव्हता आणि वडिलांचं काम करणारे नट वारलेले होते. दोन पर्वांत ते बंद झालं. एकच पात्र, एकच नट. पहिल्या वेळी त्याच्याभोवती नवी माणसं उभी करून त्याला अडचणीत टाकलं. दुसऱ्या वेळीही नवी माणसं दिली, पण ज्यांच्याशी भांडण्यात त्याची मजा होती ती जागा रिकामीच राहिली. तुमच्याकडे जुन्यातले तिघं येणार आहेत. कोण तिघं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळं तिथे अडतं. ज्या दोघांच्या कुरबुरीवर मालिका चालायची, ते दोघंही त्यात आहेत का? एकच असेल तर ‘तस्संच’ हा शब्दच निकालात निघाला.

आता करून बघायची गोष्ट. तुम्ही त्या मालिकेतला एक प्रसंग आठवणीनं लिहिला आहे: झोपायच्या आधी वडील गॅस बंद आहे का ते तीनदा बघतात आणि मुलगा त्यांची नक्कल करतो. आज हा सीन कसा लिहाल? पहिला सुचेल तो असा: वडील म्हातारे झाले आहेत, सुनेनं मोबाइलवर बंद होणारा गॅस आणला आहे, वडिलांना तो कळत नाही, गोंधळ, टुंग. हा सीन कुणीही लिहील. चॅनेलला तो आवडेलही. म्हाताऱ्यांना मोबाइल कळत नाही हा विनोद मात्र आता इतका झिजलाय की म्हातारेच एकमेकांना तो फॉरवर्ड करतात.

दुसरा बघा. रात्रीचे अकरा. मुलगा, आता पंचेचाळिशीचा, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघून येतो. आडवा होतो. परत उठतो. तिसऱ्यांदा उठतो तेव्हा हॉलमधल्या दिवाणावरून वडील अंधारात म्हणतात, ‘बंद आहे रे. मी दोनदा बघितलाय.’ मुलगा चिडतो, ‘मी पाणी प्यायला उठलो होतो.’ ‘मग पी की.’ आता त्याला पाणी प्यावं लागतं. तो झोपल्यावर वडील उठतात आणि गॅस बघतात.

दुसऱ्या सीनमध्ये जुनी मालिका पूर्ण आहे, आणि वीस वर्षं मध्ये गेली आहेत हेही आहे. हा एक सीन तुमच्याकडून असा निघाला तर पुनरागमनाला अर्थ आहे. नाही निघाला, आठ-दहा दिवस बसूनही पहिल्या प्रकारचेच सीन येत राहिले, तर पैसे दुप्पट केले तरी घेऊ नका. तुम्हाला रोज सकाळी ते लिहायचं आहे.

तेव्हा मीटिंगला नकार घेऊन जाऊ नका आणि होकारही नको. दोन पानं घेऊन जा. पहिल्यावर हा सीन. दुसऱ्यावर तुमच्या अटी, मोजक्या: शनिवार-रविवार असे आठवड्याला दोनच भाग, २६ भागांचं एक पर्व आणि पुढचं आकडे बघून, गोष्ट आजच्या काळात आणि मुलगा केंद्रस्थानी. दोनाचे तीन भाग करायला सांगतील, तिथवर ताणू द्या. पाचावर अडून बसले तर उठा. सध्याचं संवादाचं काम तुमच्या हातात आहे, उपाशी मरायची वेळ नाही.

‘डागडुजी करणारा’ असा शिक्का बसेल याची भीती मला फारशी खरी वाटत नाही. आपल्या धंद्यात शिक्का बसतो तो पडलेल्या मालिकेचा. चाललेली जुनी होती की नवी, हे लेखकाला कुणी विचारत नाही.

आता तुमची स्वतःची मालिका. तिला ‘रिस्की’ म्हणणाऱ्यांना एकदा खर्च मांडायला सांगा. मंगल कार्यालय: एक सेट, मॅनेजर, त्याची मालकीण, वाढपी, एक गुरुजी. एवढे कायमचे. दर भागाला नवे पाहुणे. सकाळी लग्न, संध्याकाळी शोकसभा, आणि स्टेजवरची फुलांतली ‘शुभविवाह’ ही अक्षरं काढायची राहिली आहेत. असं कितीही निघेल. ब्रिटनची ‘फॉल्टी टॉवर्स’ याच बांधणीवर उभी आहे: एक हॉटेल, मालक-मालकीण, वेटर, मोलकरीण आणि येणारे-जाणारे. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा, एकूण बारा. जुन्या नटांच्या तारखा आणि मानधनं सांभाळण्यापेक्षा असली मालिका स्वस्तात होते. तिच्यात धोका आहे तो पैशाचा कमी आणि नाव लोकांना माहीत नसण्याचा जास्त.

ती ओळख चॅनेलशिवाय करून देता येते. ‘भाडिपा’ ही यूट्यूबवरची मराठी वाहिनी २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यांनी कुणाच्या प्राइम टाइमची वाट पाहिली नव्हती. तुमच्या चार भागांपैकी सगळ्यात घट्ट असलेला एक घ्या, पाऊण तासाचा करा आणि पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागी लोकांसमोर करा. निदान अभिवाचन तरी. मीटिंगमधले लोक हसतात त्याचा काही उपयोग नाही, ते सौजन्यानं हसतात. तिकीट काढून आलेला माणूस जिथे हसत नाही तिथे काय कापायचं ते कळतं.

त्याआधी कागदपत्रं. चारही भाग स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, तिच्या मांडणीवर मिळतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘एका कार्यालयात रोज गंमत होते’ एवढं तोंडी ऐकवून येऊ नका. लिहिलेला, तारीख पडलेला भाग हीच तुमची मालकी. जुन्या मालिकेचा करार आला तर त्यात ‘या काळात लेखकाला सुचलेलं सर्व’ निर्मात्याकडे जाईल अशा अर्थाचं कलम आहे का, ते वकिलाकडून वाचून घ्या. नोकरी म्हणून पगारावर घेत असतील तर जास्तच जपा: वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, कायद्यानं, नोकरी देणारा असतो. आणि तुमची नवी मालिका याच निर्मात्याला ‘सोबत हीपण’ म्हणून देऊ नका. भाजीवर कोथिंबीर मागतात तशी ती मागून घेतील.

हप्त्याबद्दल: दीडपट हा आकडा दिसायला छान आहे, पण पैसे प्रक्षेपणानंतर नव्वद दिवसांनी येण्याची आपल्याकडे रीत आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. लिहायला लागल्यापासून पहिला चेक हातात पडेपर्यंत चार-पाच महिने सहज जातात. बायकोसमोर हा हिशेब मांडा. तेवढे हप्ते बाजूला नसतील तर करारात सही करतानाची रक्कम मागा. ती द्यायला कुरकुर करणारा निर्माता पुढेही कुरकुरच करेल.

बाबांना सध्या काही सांगू नका. ते सोसायटीभर सांगत सुटतील.

एक काम मात्र मीटिंगच्या आधी करा. मूळ लेखक लिहीत नाहीत म्हणालात, म्हणजे आहेत. हक्क चॅनेलकडे असल्यामुळे त्यांना विचारणं बंधनकारक नसेल, तरी फोन करून भेटायला जा. ‘मूळ संकल्पना’ म्हणून त्यांचं नाव दर भागाला जाईल हे तुमच्या अटींच्या पानावर लिहा आणि त्यांना दाखवा. आणि तेव्हा चॅनेलनं त्यांना काय काय नको म्हणून सांगितलं होतं, हे नीट विचारून लिहून आणा. ती यादी घेऊन मीटिंगला बसलात तर ‘तस्संच’ म्हणजे नेमकं काय, यावर तुम्हालाच जास्त माहिती असेल.